कासवाचं कवच मऊ पडलंय, वरून काय लावू?

पुण्यातून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव-गाव आणि बाकी खुणा काढून थोडक्यात देते. अडीच वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मित्राने "घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते" म्हणून तळहातावर मावेल एवढं पिल्लू आणून दिलं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. मुलाने नाव ठेवलं गोट्या. गोट्या हॉलमध्ये काचेच्या खिडकीपाशी प्लास्टिकच्या टबात राहतो, "ऊन भरपूर मिळतं" असं त्या लिहितात. काकडी, टोमॅटो, पालक खातो, रविवारी दूध-पोळी, मधूनमधून माशांचं खाणं. गेल्या दोन-तीन महिन्यांत पाठीवरचे खवले डोंगरासारखे वर आलेत, पोटाकडची बाजू बोटाने दाबली तर आत जाते, आणि मागच्या कडेला पांढुरका डाग पडलाय त्याला थोडा वास येतो. सासूबाई दर शनिवारी हळद आणि खोबरेल तेल चोळतात, नवऱ्याने मेडिकलमधून कॅल्शियमचं सिरप आणलंय. डॉक्टरकडे न्यायला नवरा तयार नाही, कारण हे कासव पाळणं गुन्हा आहे असं त्याने कुठंतरी वाचलंय. शेजारचे काका म्हणतात टेकडीवर सोडून द्या. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "कवचच तर आहे, नखासारखं, त्याला दुखत तर नसेल ना? वरून काय लावलं की टणक होईल? आणि डॉक्टरकडे जायची खरंच गरज आहे का?"

नमस्कार,

आधी उठून तेलाची वाटी आणि सिरपची बाटली दोन्ही वरच्या फळीवर ठेवा, मग पुढचं निवांत वाचा. सासूबाईंवर चिडू नका, त्यांनी जे केलं ते जिव्हाळ्यानेच केलं, आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हळद-कुंकू वाहिलं जातं, तेच घरातल्या जिवंत कासवालाही चालेल असं वाटणं साहजिक आहे. पण दगडाच्या पाठीवर तेल नुसतं चकाकतं आणि जिवंत पाठीवर त्याच तेलाला धूळ, शेण, उष्टं चिकटून खवल्यांच्या फटींमध्ये घाण साचते, आणि डाग जर आधीच कुजायला लागला असेल तर त्याला झाकून टाकल्यासारखं होतं.

तुमचा पहिला प्रश्न, नखासारखंच आहे का. वरचा पातळ थर आहे खरा नखाच्या जातीचा, केराटिनचा, त्यालाच आपण खवले म्हणतो. पण त्याच्या खाली हाड आहे. साधारण साठेक हाडं एकमेकांत बसून ही ढाल झालेली असते, आणि पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच एकजीव झालेल्या असतात. खवला आणि हाड यांच्या मध्ये जिवंत त्वचेचा पातळ पापुद्रा असतो, त्यात रक्त असतं, नसा असतात. तुम्ही कधी त्याच्या पाठीवर मऊ ब्रश फिरवला असेल तर बघा, तो मान वळवतो किंवा मागचा भाग हलवतो, म्हणजे स्पर्श कळतो. तेव्हा दुखतं का, तर हो, दुखतं. फक्त ते ओरडत नाही, लंगडत फिरत नाही, गप्प बसतं, आणि आपण म्हणतो किती शांत आहे आमचा गोट्या.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तुमच्या तिन्ही प्रश्नांखाली एकच समज आहे की कवच म्हणजे बाहेरची वस्तू, बिघडली की बाहेरून दुरुस्त करायची. माझं म्हणणं अगदी उलट आहे. कवचावर जे दिसतंय ते बहुतेक आतून आलंय आणि गेल्या कित्येक महिन्यांचं आहे, त्यामुळे वरून लावायचं असं औषध याला नाही. डाग सोडला तर, त्याच्याकडे येतेच.

तुमच्या पत्रात आणि सोबत पाठवलेल्या फोटोत मला तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या आणि त्या वेगळ्याच धराव्या लागतील.

एक, पाठीवरचे डोंगर. यात सगळंच आजारपण नाही हे आधी सांगते. गोट्या स्टार कासव आहे, आणि या जातीचे खवले रानातसुद्धा थोडे शंकूसारखे वर आलेले असतात, त्यामुळे इंटरनेटवर दुसऱ्या जातींच्या गुळगुळीत पाठींचे फोटो बघून घाबरू नका. पण गोट्याचे उंचवटे त्यापेक्षा जास्त आहेत, खवल्यांच्या मधल्या फटी खोल गेल्यात. पूर्वी सगळे म्हणायचे की जास्त प्रोटीन खाल्लं की असं होतं. २००३ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी आफ्रिकन सुल्काटा कासवाची पिल्लं कमी-जास्त दमटपणात आणि कमी-जास्त प्रोटीनवर वाढवून बघितली, तर कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठी जास्त वर आल्या आणि प्रोटीनचा परिणाम त्या मानाने किरकोळ निघाला. म्हणजे पंख्याखाली, कोरड्या टबात, कोरड्या टॉवेलवर वाढलेलं पिल्लू हे याचं नेहमीचं उदाहरण. एकदा आलेले डोंगर परत बसत नाहीत, हे मन घट्ट करून ऐका. पुढची वाढ नीट झाली तर खवल्यांच्या कडेला नवीन थर सपाट येतो, एवढंच आपल्या हातात. नुसते डोंगर असते तर मी म्हटलं असतं घाई नाही.

घाई आहे ती दुसऱ्या गोष्टीची, मऊ पोटाची. अगदी लहान पिल्लाची पोटाची पाटी पहिल्या वर्षात थोडी लवचिक असते, ते नॉर्मल. पण अडीच वर्षांच्या कासवाची बोटाने आत जाते म्हणजे हाडातलं कॅल्शियम गेलंय. ते गेलं कुठं? रक्तात. हृदय, स्नायू, नसा सगळ्यांना रक्तात ठराविक कॅल्शियम लागतं, आणि खाण्यातून ते मिळालं नाही की शरीर हाडं विरघळवून भागवतं, घरखर्चाला एकेक दागिना मोडावा तसं. बाहेरून महिनोन् महिने काही कळत नाही, कासव खातंय, फिरतंय, आणि एक दिवस कवच दाबलं जातं.

आता तुम्ही म्हणाल ऊन तर भरपूर मिळतं. इथंच बहुतेक घरं फसतात, तुम्ही एकट्या नाही. खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात घ्यायला डी-३ जीवनसत्त्व लागतं, ते कासवाच्या कातडीत तयार होतं उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण, आणि खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. काचेतून उजेड येतो, ऊब येते, गोट्या डोळे मिटून पाय पसरून बसतो आणि आपल्याला वाटतं किती छान ऊन खातोय, पण हाडांच्या उपयोगाचं त्यातलं काहीच त्याला मिळत नाही. अडीच वर्षं हे झालं. वर खाणं काकडी-टोमॅटोचं, ज्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, आणि पालक, ज्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य आहे तेवढं कॅल्शियमही धरून ठेवतं. कासवाला कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट तरी हवं. दूध तर त्याला पचतच नाही.

मग सिरप का नको, ते तर कॅल्शियमच आहे ना? कारण माणसांच्या सिरपमध्ये साखर असते, डी-३ माणसाच्या वजनाच्या हिशोबाने असतं, आणि दोन-तीनशे ग्रॅमच्या जिवाला चमचा-दोन चमचे म्हणजे किती झालं हे घरी कुणालाच सांगता येत नाही. डी-३ जास्त झालं की कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत साठतं. किती द्यायचं, इंजेक्शनने का तोंडाने, हे एक्सरे आणि रक्तातलं कॅल्शियम-फॉस्फरस बघून ठरवायची गोष्ट आहे.

मी हे इतकं ठासून का सांगतेय, तर माझ्या हातून झालेली चूक अजून विसरता येत नाही मला. प्राण्यांची डॉक्टर म्हणून प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका घरातून असंच मऊ कवचाचं कासव आलं होतं, पाण्यातलं. मी दाबून बघितलं, कॅल्शियम कमी पडलंय म्हटलं, थेंब लिहून दिले आणि पंधरा दिवसांनी या सांगितलं. एक्सरे काढला नाही. खोलीत दिवा आहे का, ऊन कुठलं, काच आहे का, हे विचारलंच नाही. पंधरा दिवसांनी त्या घरातली मुलगी एकटीच आली, रिकामा डबा परत करायला. तेव्हापासून कुठलंही कासव आलं की मी औषधाआधी ते राहतं कुठं हे विचारते.

तिसरा तो डाग. पांढुरका, मऊ, वास येणारा. साधा पांढरेपणा पाण्याच्या क्षारांचाही असू शकतो, तो ओल्या ब्रशने निघतो आणि त्याला वास नसतो. वास आला, खाली भुसभुशीत लागलं, खवल्याची कडा उचलली गेली, लालसर पाणी किंवा चिकट काही आलं, तर तो कवच कुजण्याचा प्रकार आहे, जंतूंचा नाहीतर बुरशीचा. मागच्याच कडेला का, तर टबात शी-शू त्याच बाजूला साचते आणि प्लास्टिक ते शोषत नाही. सुरुवातीला हे वरवरचं असतं, पण खाली हाड आहे हे लक्षात ठेवा, आणि हाड आधीच पोकळ झालेलं, म्हणजे तिथं पोचायला फार वेळ लागत नाही, आणि तिथून रक्तात. डॉक्टर सैल झालेला भाग खरवडून काढतात, नमुना तपासायला पाठवतात, त्याप्रमाणे मलम आणि गरज पडली तर अँटिबायोटिक. घरी चाकू-सुईने खरवडू नका, प्लीज.

म्हणून डॉक्टरची गरज आहे का याला माझं उत्तर, हो, आणि या आठवड्यातच. चालताना पोट जमिनीवरून उचलत नसेल, मागचे पाय ओढत असेल, पाय थरथरत असतील किंवा दोन-तीन दिवस खाल्लं नसेल तर आजच.

आता नवऱ्याची भीती. ती खोटी नाही. "काही होत नाही हो, सगळ्यांकडे असतात" असं मी म्हणणार नाही. स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, आणि २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या यादीत. तीन ते सात वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा कायद्यात आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून सगळ्यात कडक बंदी आहे, कारण जगात सगळ्यात जास्त चोरून विकल्या जाणाऱ्या जमिनीवरच्या कासवांमध्ये आपलं हे कासव येतं. तुम्हाला ते मित्राने प्रेमाने दिलं, पण त्या मित्राला कुणीतरी विकलं, आणि त्याच्या मागे कुणीतरी ते माळावरून पिशवीत भरलं. मुख्यतः आंध्र-कर्नाटक-तमिळनाडूकडच्या किंवा गुजरात-राजस्थानकडच्या काटेरी, कोरड्या रानातलं हे जनावर आहे, पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर ते स्वतःच्या पायाने आलेलं नाही. हे तुम्हाला टोचावं म्हणून नाही लिहीत, पण आम्ही त्याला जीव लावतो म्हणून ते आमच्याकडेच सुखी, ही जी ओळ तुमच्या पत्रात आहे ना, तिच्याशेजारी हेही ठेवून बघा.

तर तुमच्यापुढे चार रस्ते आहेत. घरीच गुपचूप काहीतरी करत राहायचं, हा नवऱ्याला सगळ्यात सुरक्षित वाटतो. पण याने गुन्हा रोज चालूच राहतो आणि कासव रोज खंगत जातं, दोन्हीकडून तोटाच. काकांचा टेकडीचा रस्ता तर मनातून काढूनच टाका. मऊ कवचाचं, उघड्यावर कधी न राहिलेलं कासव तळजाईला नाहीतर वेताळ टेकडीला सोडलं तर कुत्री, घारी, कावळे आणि थंडी, यातलं कुणीतरी पहिल्या काही दिवसांतच त्याला संपवेल, आणि जगलंच तर घरातले जंतू तिथल्या प्राण्यांना देईल. सोडून दिलं हा शब्द गोड आहे, टाकून दिलं असं म्हणून बघा मग कसं वाटतं.

तिसरा रस्ता जवळच्या प्रायव्हेट डॉक्टरकडे न्यायचा. बरेच डॉक्टर संरक्षित प्राणी हातात घेत नाहीत, त्यांनाही कायदा आहे. आणि कुत्र्या-मांजरांत मुरलेल्या डॉक्टरांना कासवाची सवय असेलच असं नाही. यात एक धोका मुद्दाम सांगते, हा बाकी कासववाल्यांनीही लिहून ठेवावा: जंतांसाठी, पिसवांसाठी सर्रास वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला चालत नाही, जीव जाऊ शकतो. कुणीही टोचायला घेतलं तर नाव विचारा, विचारायला लाजू नका. इंजेक्शन शक्यतो पुढच्या पायाच्या बाजूला देतात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडातून जातं.

चौथा रस्ता, आणि मी तुम्हाला हाच घ्या म्हणेन, वनविभाग. महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाईन आहे १९२६, हॅलो फॉरेस्ट. पुण्यात बावधनला वनविभागाचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे, नागपूरकडच्या वाचकांसाठी सेमिनरी हिल्सवर आहे, मुंबईकरांना बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान माहीतच आहे. आजारी कासव आहे, स्वतःहून द्यायचंय, एवढं सांगायचं. तिथं एक्सरे, रक्त, यूव्हीबी दिवे, कासवांची सवय असलेले हात मिळतील. आता कायद्यात "स्वतःहून दिलं की माफ" अशी तुमच्यासाठी लिहून ठेवलेली ओळ नाही, हे मी लपवणार नाही. पण आजारी जीव घेऊन स्वतःच्या पायाने गेलेलं कुटुंब आणि छाप्यात सापडलेला माणूस यांच्याकडे बघायची नजर वेगळी असते, आणि जे काय विचारतील ते खरं सांगायची तयारी ठेवा. नवऱ्याला फारच धास्ती वाटत असेल तर ओळखीच्या वकिलाशी एकदा बोलून घेऊ दे, एखाद्या प्राणीमित्र संस्थेच्या माणसाला सोबत घ्या. फक्त हे दोन दिवसांत व्हावं, दोन महिने यात जाऊ नयेत.

जाईपर्यंतच्या दोन-चार दिवसांचं सांगते. टब धुऊन कोरडा करा, खाली साधा न छापलेला कागद घाला, रोज बदला. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला काच नसलेल्या बाल्कनीत किंवा खाली बागेत वीस-पंचवीस मिनिटं ऊन द्या, अर्ध्या भागात सावली हवीच, दुपारचं ऊन अजिबात नको, कारण तापलेल्या टबात कासव तासाभरात मरू शकतं. समोर बसून राहा, कावळा असतो, मांजर असतं, ग्रिलची फट असते. रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पाणी हनुवटीच्या खाली, तो पाणी पिईल, शूही करेल. मग मऊ फडक्याने टिपून डागावर पाण्यात पातळ केलेलं बीटाडिन, फिक्या चहाच्या रंगाचं, कापसाने लावा आणि वाळू द्या. स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साईड नको, हळदही नको. खायला सोसायटीतल्या जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याची पानं, तुतीची पानं, दुर्वा-हरळी, जिथं औषध फवारलेलं नाही तिथली. उचलताना दोन्ही हातांनी खालून आधार द्या, पाठीवर दाब नको, हाडं ठिसूळ आहेत. आणि मुलाचे हात दर वेळी साबणाने धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यांनी मुलांना जुलाब होतात.

बाकी वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी स्टार कासव नसून लाल कानाचं पाण्यातलं कासव असतं, काचेच्या पेटीत, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. पाण्यातल्या कासवाचे खवले वाढताना पातळ पापुद्र्यासारखे निघतात, खाली नवीन चकचकीत खवला दिसतो, वास नसतो, हे अगदी नॉर्मल आहे, ओढून काढू नका. जमिनीवरच्या कासवाचे असे निघत नाहीत, निघाले तर दाखवाच. पेटीत चढून पूर्ण कोरडं होता येईल असा दगड किंवा फळी हवीच, त्यावर ऊब आणि यूव्हीबीचा ट्यूब, मधे काच न ठेवता. ट्यूब उजेड देत राहते तरी तिची यूव्हीबी उतरत जाते, म्हणून प्रकाराप्रमाणे सहा महिने ते वर्षभरात बदलावी लागते, दिवा लागतोय म्हणजे चालू आहे असं नाही. फिल्टरशिवायच्या घाण पाण्यात या कासवांना पाठीवर आणि पोटावर लाल-गुलाबी डाग, खड्डे पडतात, पोट लालसर दिसलं आणि कासव सुस्त झालं तर रक्तात जंतू गेल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी न्यायचं. आणि मोठं झालं, कंटाळा आला म्हणून तळ्यात, नदीत, देवळाच्या कुंडात सोडू नका, ते मूळचं अमेरिकेतलं आहे, आपल्या पाण्यातल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतं.

पडून किंवा कुत्रा चावून पाठ तडकली असेल तर सलाईनने धुवा, स्वच्छ गॉज ठेवा, खोक्यात घालून निघा. फेविक्विक, एम-सील लावून आलेली कासवं मी बघितलीत, वरून फट बुजते आणि आत पू होतो. चांगली बातमी ही की तडकलेलं कवच जुळतं. हाड आहे ते, वेळ घेतं, काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष, पण जुळतं.

तुमच्या गोट्याचंही तसंच. मऊ पाटी योग्य ऊन, योग्य खाणं आणि उपचारांनी महिन्यांनी टणक होऊ शकते, डोंगर राहतील पण ती खूण म्हणून राहतील, त्याने त्याचं आयुष्य अडणार नाही, आणि या जातीचं आयुष्य काही दशकांचं असतं. ते आयुष्य तुमच्या हॉलमध्ये जाणार नाही याचं तुम्हाला वाईट वाटणार, मुलाला तर फारच, ते मी समजू शकते. मुलाला खोटं सांगू नका, "गोट्या गावाला गेला" वगैरे. बरोबर न्या. त्याला सांगा की याची हाडं दुखतायत आणि तिथले डॉक्टर त्याला खऱ्या उन्हात ठेवणार आहेत. सात वर्षांच्या मुलाला एवढं नीट कळतं, माझा तरी तसा अनुभव आहे.

सासूबाईंनाही बरोबर घ्या, त्यांना हे ऐकायला जड जाईल. आपल्या संतांनी देवाच्या कृपेला कासवीच्या नजरेची उपमा दिली आहे, की ती पिल्लांना नुसतं बघून वाढवते. खरी कासवी अंडी घालून निघून जाते, पण त्या नजरेची गोष्ट तुमच्या घरात खरी झालीय असं मला वाटतं, कारण दर शनिवारी त्याची पाठ हातात घेऊन बघणाऱ्या त्याच होत्या. डाग पहिल्यांदा कधी दिसला, कवच कधीपासून मऊ लागायला लागलं, हे त्यांनाच विचारा आणि कागदावर लिहून घ्या, तारखा अंदाजे चालतील. त्याच कागदावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेलं आजचं वजन, आतापर्यंत काय-काय खाऊ घातलं, सिरप किती दिवस आणि किती चमचे दिलं हे लिहा, सिरपची बाटलीही सोबत घ्या. हवेला भोकं पाडलेलं बुटाचं खोकं, तळाला जुना टॉवेल, आणि सकाळची वेळ, म्हणजे रस्त्यात तापणार नाही. जाऊन आलात की मला दोन ओळी कळवा, त्याचा एक्सरे काय म्हणतो ते मला खरंच जाणून घ्यायचंय.